घरांतील शिक्षण : न साधणारी कोलांटी

कठीण विद्या शिकतांना बुद्धि कमी पडते त्यापेक्षां अधिक वेळां धीर कमी पडतो, हें ज्यांनीं मुलांना शिकविण्यांत आपलीं वर्षें घालविलीं आहेत त्यांना निराळें सांगावयास नको. संस्कृताच्या वर्गांत धातूंचीं रूपें पाठ न होणारा मुलगा सहसा मंद नसतो. तो वैतागलेला असतो, आणि वैतागलेल्या मनांत रूपें शिरत नाहींत म्हणून अधिकच वैतागतो. हें चक्र पुस्तकापुढें जसें फिरतें तसेंच व्यायामशाळेंतील गादीवरहि फिरतें. फरक इतकाच कीं, पुस्तक मिटून आपलें अपयश झांकतां येतें. गादीवर पडलेलें मूल मात्र दहाजणांच्या देखत पडतें.

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आलें. घर एकत्र, माणसें चौदा. त्यांची अकरा वर्षांची कन्या जिम्नॅस्टिक्सच्या वर्गास जाते आणि सात महिन्यांपासून एकच कसरत शिकत आहे. उभ्या जागेवरून पाठीमागें उडी घेऊन हातांवर यावयाचें व तेथून पुनः पायांवर उभें राहावयाचें, अशी ती कसरत. वर्गांत हिला 'बॅक हँडस्प्रिंग' किंवा 'फ्लिक-फ्लॅक' म्हणतात. आपण तिला उलटी कोलांटी म्हणूं. शिक्षिकेचा हात पाठीशीं असला म्हणजे मुलीला ती येते. हात निघाला कीं येत नाहीं. तिच्याहून दोन वर्षांनीं लहान असलेल्या चुलत बहिणीला तीच कोलांटी सहा आठवड्यांत साधली. एके दिवशीं मुलीनें घरीं येऊन पिशवी कोपऱ्यांत फेंकली, 'मी मठ्ठच आहें, उद्यांपासून मी जाणार नाहीं' असें सांगितलें आणि ताटावरून उठून गेली. मामंजींचें मत असें कीं, मुलीच्या जातीला हे डोंबाऱ्याचे खेळ हवेत कशाला, आजच बंद करा. यजमानांचें मत असें कीं, वर्षाची फी भरली आहे, मध्येंच सोडण्याची संवय लागतां कामा नये, ओढून न्या. भगिनी विचारतात, दोघांपैकीं कोणाचें ऐकावें?

तूर्त दोघांचेंहि ऐकूं नये, असें माझें मत आहे. दोघांनींहि निर्णय आधीं केला आहे आणि मुलीला काय होत आहे हें पाहावयाचें राहिलें आहे. मामंजींच्या शब्दाविषयीं मात्र एवढें बोलणें अवश्य आहे. डोंबारी आणि कोल्हाटी लोकांनीं ह्या कसरती पिढ्यान् पिढ्या रस्त्याच्या कडेला, गादीवांचून, पोटासाठीं जिवंत ठेविल्या. आपण सुशिक्षित लोक घटकाभर पाहून, दोन पैसे टाकून पुढें गेलों. अमरावतीचें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं व पुण्याचें महाराष्ट्रीय मंडळ १९२४ सालीं निघालें. अशा संस्थांमुळें पांढरपेशांच्या मुलांचीं पावलें व्यायामाकडे वळलीं. ज्या खेळाला आपण हलका म्हणत होतों तोच शिकण्यासाठीं आज आपण फी भरतों, इतकें ध्यानांत ठेवलें तरी तो शब्द तोंडांतून येणार नाहीं.

आतां ही कसरत काय आहे हें घरांतील वडील माणसांनीं आधीं समजून घ्यावें. पाय जुळवून, हात कानांशीं वर धरून उभें राहावयाचें. मागें खुर्ची आहे असें समजून तिच्यावर बसूं लागावयाचें. गुडघे पुढें जाऊं द्यावयाचे नाहींत. खुर्ची नसल्यामुळें तोल मागें जातो. तो सांवरावयाचा नाहीं, जाऊं द्यावयाचा. तो गेला त्याच क्षणीं पायांनीं जमीन जोरानें ढकलून, हात कानांवरून मागें झोंकून, कंबर वर व मागें न्यावयाची. शरीर धनुष्यासारखें वांकतें, तळहात गादीला लागतात, कोंपरें सरळ राहून अंग क्षणभर हातांवर उभें होतें, आणि लगेच खांद्यांनीं गादी ढकलून दोन्ही पाय एकदम खालीं आणावयाचे. हें सगळें सुमारें एका सेकंदांत संपतें.

वाचतांना हें सोपें वाटेल. परंतु विचार करा, मूल पहिल्या वर्षीं उभें राहूं लागतें तेव्हांपासून जी एक गोष्ट त्याचें शरीर अहोरात्र शिकत आलें आहे, ती म्हणजे तोल जाऊं न देणें. आणि येथें तोच मुद्दाम घालवावयाचा आहे. शिवाय निसर्गानें डोळे पुढच्या बाजूस बसविले आहेत. पुढें उडी घेणाऱ्याला जमीन दिसते. मागें उडी घेणाऱ्याला ती दिसत नाहीं, केवळ तेथें असेल असा विश्वास ठेवावा लागतो. म्हणूनच शिकाऊ मुलें ठराविक चुका करतात. मागें जाण्याऐवजीं सरळ वर उडतात, कारण वरची जागा ओळखीची असते. जमीन आधीं पाहून घ्यावी म्हणून मान झटक्यानें मागें टाकतात. हात टेंकतांना कोंपरें दुमडतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे अर्ध्या वाटेंत मन बदलतात. जोर कमी पडतो, अंग वळून जातें, आणि जो पडण्याचा प्रकार टाळावयाचा होता तोच घडतो. ह्या कोलांटींत अर्धवट धैर्याला जागा नाहीं, आणि अकरा वर्षांच्या मुलीला तें पूर्ण असावें ही अपेक्षा लहान नाहीं.

मुलाचा वैताग हा दिसावयास एक दिसतो, परंतु त्याचे निदान तीन प्रकार आहेत, व तिघांचे उपचार निरनिराळे आहेत. वैद्य ज्याप्रमाणें ताप पाहून लगेच काढा देत नाहीं, ताप कशाचा हें पाहतो, त्याप्रमाणें येथेंहि करावें.

पहिला प्रकार, बुद्धीला समजलें पण अंगांत उतरलें नाहीं. मुलीला काय करावयाचें तें तोंडपाठ असतें, दुसऱ्याची चूक ती अचूक सांगते, आणि स्वतः उभी राहिली म्हणजे तीच चूक करते. हुशार मुलांना हा वैताग विशेष येतो, कारण शाळेंत समजणें आणि येणें यांत त्यांना फारसें अंतर पडलेलें नसतें. १८९७ सालीं अमेरिकेंत ब्रायन व हार्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनीं तारायंत्र शिकणाऱ्या उमेदवारांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. तारेचा संदेश कानानें ऐकून उतरवून घेण्याची गति आधीं वाढत जाई, मग कित्येक आठवडे एका जागीं खिळून राही, आणि पुढें पुनः वाढूं लागे. या खिळून राहण्याला त्यांनीं पठार म्हटलें. त्यांचा तर्क असा कीं, त्या काळांत सुटीं अक्षरें ओळखण्याचें काम आपोआप होऊं लागण्याइतकें पक्कें होत असतें, आणि तें झाल्यावांचून शब्दच्या शब्द ऐकूं येत नाहीं. पुढील संशोधकांना असें पठार प्रत्येक शिकणाऱ्यांत आढळलें नाहीं, हेंहि खरें. तथापि पठारावर उभ्या असलेल्या मुलाला 'तूं थांबलेला नाहींस, खालचा पाया भरतो आहे' असें सांगणारें कोणी असावें.

याचा उपचार म्हणजे कोलांटीचे तुकडे पाडणें. चांगल्या वर्गांत हें होतच असतें. घरच्यांनीं तें ओळखावें इतकेंच. चक्रासनांत अंगाची कमान धरणें, भिंतीशीं हातांवर उभें राहणें, नुसतें मागें बसून जाड गादीवर पाठ टेंकणें, पिंपासारख्या गोल गादीवरून उलटें जाणें, उतरत्या गादीवर करणें, मग शिक्षिकेचे दोन हात, मग एक हात, मग नुसतीं बोटें, मग शिक्षिका केवळ जवळ उभी, अशा ह्या पायऱ्या आहेत. मुलगी घरीं आल्यावर 'आली का?' असें विचारलें तर उत्तर सात महिने 'नाहीं' हेंच येणार. 'आज कोणत्या तुकड्यावर काम केलें?' असें विचारलें तर रोज कांहींतरी सांगण्यासारखें असतें. प्रश्न बदलला म्हणजे मुलीच्या मनांतील हिशेबहि बदलतो.

येथें माझ्या व्यवसायांतील एक गोष्ट सांगतों. आपण अभ्यास हा शब्द रोज वापरतों. संस्कृत व्याकरणांत तो पारिभाषिक आहे. धातूचें द्वित्व होतें तेव्हां दोन भागांपैकीं पहिल्यास पाणिनि अभ्यास म्हणतो. कृ धातूचें 'चकार' होतें, भू धातूचें 'बभूव' होतें, दा धातूचें 'ददाति' होतें. आतां पाहा, हा पहिला भाग मुळासारखा जसाच्या तसा राहत नाहीं. क चा च झाला, भ चा ब झाला, दा चा द झाला. पुनरावृत्ति आहे, पण फरकासह आहे. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन (१८९६–१९६६) यानें मनुष्याच्या हालचालींचें संशोधन करून जवळजवळ हेंच प्रतिपादिलें: कसब शिकणें म्हणजे तयार उत्तर गिरवीत बसणें नव्हे, तोच प्रश्न दर वेळीं नव्यानें सोडवावा लागतो. एकच चुकीची उडी रागारागानें चाळीस वेळां घेतली तर चाळीस वेळां चूक घटवली जाते. दर उडीच्या आधीं एक लहानसा फरक ठरवावा, या वेळीं हात कानांशीं ठेवीन, या वेळीं गुडघे मागें ठेवीन, आणि उडीनंतर तेवढेंच तपासावें. यांत वैतागाला काम करावयास कमी जागा उरते, कारण मन 'मला येत नाहीं' या मोठ्या वाक्यावरून 'गुडघे पुढें गेले' या लहान वाक्यावर येतें.

दुसरा प्रकार, येत होतें तें गेलें. हा पहिल्याहून कडू. ज्या मुलीला गेल्या दिवाळींत कोलांटी येत होती तिला या दिवाळींत येत नाहीं, आणि घरचीं माणसें 'आळस केलास' म्हणतात. आळस असेलच असें नाहीं. साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलींची उंची झपाट्यानें वाढते. हातपाय लांब होतात, अंगाचें वजन निराळ्या ठिकाणीं पडूं लागतें, आणि जुन्या मापानें बसविलेला हिशेब नव्या शरीराला लागू पडत नाहीं. उंची वाढलेल्या मुलाचा सदरा आंखूड होतो म्हणून आपण मुलाला दोष देत नाहीं. येथेंहि देऊं नये. कधीं कधीं तर शरीर तेंच असतें आणि तरीहि मन व अंग यांची जोडणी तुटते. अमेरिकेची सिमोन बाइल्स ही या खेळांतील आजवरच्या सर्वश्रेष्ठांत गणली जाते. टोकियो येथें २०२१ सालीं झालेल्या ऑलिंपिकच्या सांघिक अंतिम फेरींत तिला व्हॉल्टवर हवेंत अडीच फेरे घ्यावयाचे होते. दीडच घेतले गेले. आपण हवेंत कोठें आहोंत हें कळेनासें झालें होतें. तिनें उर्वरित फेरींतून अंग काढून घेतलें. तिला पळपुटी म्हणणारे लोक निघाले. त्याच स्पर्धेंत काहीं दिवसांनीं ती बीमवर उतरली, उतरतांनाची कसरत सोपी करून घेतली व कांस्यपदक मिळविलें. आणि २०२४ सालीं पॅरिसमध्यें तीन सुवर्णपदकें व एक रौप्यपदक घेतलें. तिला जर मागच्या पायरीवर जाण्याची लाज वाटली नाहीं, तर आपल्या घरच्या मुलीला ती कां वाटावी? या प्रकारावर उपचार म्हणजे दोन पायऱ्या खालीं उतरणें, आणि तें उतरणें शिक्षा म्हणून नव्हे तर वाट म्हणून सांगणें.

तिसरा प्रकार, भीतीनें वैतागाचा वेष घेतलेला असतो. आपल्याकडे मुलाला रागावण्याची थोडीफार मुभा असते, पण भिण्याची नसते. 'भित्रा' हा शब्द लागला कीं सुटत नाहीं. म्हणून भ्यालेलें मूल आपण चिडलों आहोंत असें दाखवितें. वर्ग कंटाळवाणा आहे, बाई नीट शिकवीत नाहींत, गादी घाणेरडी आहे, अशीं कारणें तें सांगतें. वर्गाच्या दिवशींच पोट दुखतें. रांगेंत आपली पाळी आली कीं मागच्याला पुढें जाऊं देतें. जागेवर जाऊन, हात वर करून, दहा-दहा वेळां उभें राहतें आणि उडी घेत नाहीं. पत्रांतील मुलीला शिक्षिकेचा हात असतांना कोलांटी येते. याचा अर्थ अंगाला ती बरीचशी ठाऊक आहे, आणि उरलें आहे तें भय आहे. अशा वेळीं ओढून नेल्यानें भय वाढतें, आणि बंद केल्यानें तें कायमचें घर करतें. मुलीला एकटी गांठून, स्वयंपाकघरांत शेंगा निवडतांना म्हणा, सहज विचारावें कीं, मागें जातांना कसें वाटतें? उत्तर आलें तर उपदेश न करतां ऐकून घ्यावें. भय वाटतें हें एकदां तोंडानें बोलून झालें कीं वैतागाचें सोंग घेण्याची गरज राहत नाहीं. मग शिक्षिकेला भेटून एवढेंच सांगावें कीं, हात एकदम काढूं नका, हळूहळू काढा; आणि कोणत्या उडीला हात असेल व कोणत्या उडीला नसेल हें तिला आधीं सांगत जा. हात आहे असें सांगून ऐनवेळीं काढून घेण्याची युक्ति कित्येक ठिकाणीं करतात. एखादे वेळीं ती साधते. पण मूल पडलें तर त्यानंतर कोणाचाच हात त्याला खरा वाटत नाहीं.

ह्या तिन्हींच्या आधीं एक गोष्ट पाहून घ्यावी, आणि ती म्हणजे दुखणें. या कोलांटींत मनगटावर सबंध शरीराचा भार आपटतो, आणि वाढत्या वयांत मनगटाजवळच्या हाडाचें वाढणारें टोंक अद्याप कच्चें असतें. कंबरहि वारंवार मागें वांकते. मनगट किंवा कंबर कांहीं दिवस सारखी दुखत असेल, वर्ग नसलेल्या दिवशींहि दुखत असेल, तर तो वैतागाचा विषय नाहीं, डॉक्टरांचा आहे. पुष्कळ मुलें वर्ग बंद होईल या भीतीनें दुखणें लपवितात. आणि घरीं फरशीवर, अंथरुणावर किंवा गच्चीवर ही कोलांटी करून पाहूं देऊं नये. काकांनीं वा आजोबांनीं पाठीला हात लावण्याचा उत्साह दाखवूं नये. तो हात कोठें व केव्हां लावावा हीहि एक शिकलेली विद्या आहे.

आतां घरानें काय करावें तें सांगतों.

उड्यांची संख्या वैताग येण्यापूर्वीं ठरवावी. मुलीनें शिक्षिकेशीं बोलून, पूर्ण कोलांटीच्या आज सहा वेळां, असें ठरवून घ्यावें, आणि सहानंतर थांबावें. 'आणखी एकदांच' हें वाक्य थकलेल्या अंगाचें असतें, आणि पुष्कळ पडणीं त्याच एकदांत होतात. शेवट मात्र येत असलेल्या गोष्टीनें करावा, मग ती साधी पुढची कोलांटी कां असेना. वर्गांतून बाहेर पडतांना अंगाला शेवटचें जें आठवतें तें साधलेलें असावें. एका दिवशीं चाळीस उड्या घेण्यापेक्षां चार दिवस दहा-दहा घेतल्या तर विद्या अधिक टिकते; आणि नवी हालचाल शिकल्यानंतरची झोंप हा अभ्यासाचाच भाग आहे, कारण दिवसां घेतलेला धडा मेंदू झोंपेंत पक्का करतो. म्हणून वर्गाच्या रात्रीं जागरण नको.

वैताग आलाच तर त्याला जागा द्यावी. रडूं आलें तर रडूं द्यावें, पाणी द्यावें, बाजूला बसून श्वास सावकाश, घेतला त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. त्या वेळीं 'प्रयत्नांतीं परमेश्वर' वगैरे सुनावूं नये. संतापलेल्या मनुष्याला सुभाषित ऐकविणें म्हणजे भाजलेल्या हातावर लेप लावण्याऐवजीं लेपाची कृति वाचून दाखविणें आहे. मात्र वस्तु फेंकणें, बहिणीला टाकून बोलणें याला मुभा नसावी. राग येणें हें त्याच्या हातीं नाहीं, रागाचें काय करावें हें कांहींसें हातीं आहे, आणि हा भेद मुलाला अकराव्या वर्षीं नीट कळतो.

तुलना तर मुळींच नको. एकत्र कुटुंबांत हें अवघड आहे, कारण तुलना कोणी वाईट हेतूनें करीत नाहीं. धाकटीचें कौतुक करतांकरतां ती होऊन जाते. धाकटीचें कौतुक अवश्य करावें, पण तिच्या कोलांटीचें करावें, थोरलीच्या न येणाऱ्या कोलांटीचें माप म्हणून नको. पाहुण्यांपुढें 'करून दाखव' असें दोघींनाहि सांगूं नये. मोबाइलवर उडीचें चित्रण करावयाचें तर मुलीनें मागितलें तरच करावें, आणि तें नातलगांना धाडूं नये. स्वतःचीं कोंपरें वांकलेलीं पाहणें उपयोगाचें असतें, तीं आत्याबाईंनीं पाहिलीं हें नसतें. 'जमलें तर सायकल' असें बक्षीसहि लावूं नये. अपयशाच्या दुःखांत सायकल गमावल्याचें दुःख मिळवून काय साधणार?

लिहून ठेवण्याची एक लहान वही असावी. तारीख, काय केलें, काय बदललें, एवढ्या दोन ओळी. तीन महिन्यांपूर्वींचें पान काढून पाहिलें म्हणजे 'मला कांहींच येत नाहीं' हें वाक्य खोटें ठरतें, आणि तें आईनें खोटें ठरविण्यापेक्षां मुलीच्या स्वतःच्या अक्षरानें खोटें ठरविलेलें बरें.

यश मिळूनहि हिरमोड होतो, हेंहि मुलांना माहीत असावें. आगरतळ्याची दीपा कर्माकर हिचे तळवे सपाट होते, आणि या खेळांत तो मोठा अडथळा समजतात. गुरु विश्वेश्वर नंदी यांच्या हाताखालीं ती शिकली आणि ऑलिंपिकमध्यें उतरणारी पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट झाली. रिओ येथें २०१६ सालीं प्रोदुनोवा नांवाचा अत्यंत कठीण व्हॉल्ट करून तिनें १५.०६६ गुण मिळविले आणि ०.१५० गुणांनीं कांस्यपदक हुकून ती चौथी आली. पुढें गुडघ्याला दुखापत झाली, २०१७ सालीं शस्त्रक्रिया झाली, आणि २०१८ सालीं तुर्कस्तानांत मेर्सिन येथील स्पर्धेंत तिनें व्हॉल्टचें सुवर्णपदक घेतलें. शस्त्रक्रियेनंतर तिलाहि आधीं चालावयास, मग धांवावयास, मग उडी मारावयास शिकावें लागलें असणार. पायऱ्या कोणालाच चुकत नाहींत.

राहिला प्रश्न सोडण्याचा. सोडणें हें नेहमींच पाप आहे असें मी म्हणणार नाहीं. शाळेंत मीं असे विद्यार्थी पाहिले आहेत कीं, वडिलांच्या हट्टानें संस्कृत घेतलें, वर्षभर कुढले, आणि गणिताकडे वळल्यावर फुलले. परंतु सोडावयाचें तें वाईट दिवशीं सोडूं नये. मुलीशीं मुदत ठरवावी. पत्रांतील घरापुरतें बोलावयाचें तर येत्या सहामाही परीक्षेपर्यंत. तोंवर वर्गास जावयाचें, पण पायऱ्या खालीं उतरून, शिक्षिकेचा हात घेऊन, आणि वर सांगितल्याप्रमाणें सहा उड्यांचें बंधन पाळून. मुदत संपली म्हणजे शांत दिवशीं, शक्य तर वर्गांत कांहीं चांगलें झालें असेल त्याच्या दुसऱ्या दिवशीं, तिला विचारावें. तिनें तेव्हांहि 'नको' म्हटलें तर तो निर्णय भीतीचा नव्हे, तिचा आहे. मामंजींनीं 'मी म्हणतच होतों' व यजमानांनीं 'फी बुडाली' हीं दोन्ही वाक्यें गिळावीं. कोलांटी सोडून तिनें मल्लखांब धरला, पोहणें धरलें, किंवा नुसता सतारीचा वर्ग धरला, तरी अडलेल्या ठिकाणीं तुकडे पाडावयाचे आणि पायरी उतरावयाची हें ती बरोबर घेऊन जाईल.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायांत मन आवरणें हें वारा आवरण्यासारखें कठीण आहे अशी अर्जुनाची तक्रार आहे, आणि श्रीकृष्णानें तिला अभ्यास व वैराग्य असे जोडीचे उपाय सांगितले आहेत. अकरा वर्षांच्या मुलीच्या वांट्याला यांतील अभ्यास पुष्कळ येतो. वैराग्याचा वांटा घरच्या वडील मंडळींनीं उचलावा. म्हणजे तिच्या कोलांटीचें फळ कधीं दिसतें याची घाई त्यांनीं सोडावी. हें साधण्याला एक उपाय सुचवितों. मामंजींनीं किंवा घरांतील दुसऱ्या कोणी वडिलांनीं आपल्याला मुळींच न येणारी एखादी गोष्ट या चार महिन्यांत शिकावयास घ्यावी: पेटीवर एक राग, मोडी वाचन, किंवा फोनवर मराठी टंकलेखन. ती सर्वांच्या देखत शिकावी, चुकावें, थोडें वैतागावें, आणि उद्यांसाठीं ठेवून द्यावी. रात्रीं जेवणानंतर नातीनें विचारावें, 'आजोबा, आज कोणत्या तुकड्यावर काम केलें?', आणि आजोबांनीं तिला खरें उत्तर द्यावें.